माझे पंधरा तास

आमच्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. तो समोरच्याला वाचू देत नाही. कागद पुढे सरकवायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "इथे सही." गिऱ्हाइकाशी तेच, बायकोशी तेच, आणि त्या मंगळवारी सकाळी माझ्याशीही तेच. आठ कागदांचा गठ्ठा, प्रत्येकावर सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी, आणि शेजारी पेन. पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं. म्हातारीचे तेवढे दोन सेकंद वाचवले लेकाने.

"घाई कसली?" मी विचारलं.

"आई, सोमवारी शेवटची तारीख आहे लायसनची. कागद आज गेले की काळजी मिटली. तू फक्त सह्या कर."

मी चष्मा लावला. तो हातातल्या घड्याळाकडे बघायला लागला.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. त्यातही तिसरी दोनदा. वाचता येतं, पण ओळीखाली बोट ठेवून. बोट उचललं की ओळ हरवते. ह्याची मला लाज वाटत नाही. बत्तीस वर्षं घरं विकतेय मी, आणि न वाचता सही केलेला एक कागद कुणी माझ्यापुढे आणून दाखवावा. असा माझा तोरा होता. तो त्याच दिवशी उतरायचा होता, ते मला ठाऊक नव्हतं.

पहिले चार कागद ऑफिसचे. पत्ता तोच का, फोन तोच का, कामाला माणसं किती. पाचव्या कागदावर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की मी, खाली सही करणार, असं जाहीर करते की लायसनच्या नूतनीकरणासाठी लागणारे पंधरा तासांचे शिक्षण मी स्वतः, दुसऱ्या कोणाच्याही मदतीशिवाय, पूर्ण केले आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"हे शिक्षण मी कधी घेतलं रे?"

"ते झालं."

"मला कसं कळलं नाही मग?"

"आई, ते कॉम्प्युटरवर असतं. व्हिडिओ चालू करून ठेवायचा. दर दहा मिनिटांनी तो विचारतो, तुम्ही आहात का. आपण बटण दाबायचं. मी माझं काम करता करता बाजूला तुझं लावून ठेवलं होतं."

"म्हणजे दर दहा मिनिटांनी 'मी आहे' म्हणून तू सांगत होतास."

"हो."

"आणि मी कुठे होते?"

मागच्या टेबलावरून सुनेने, मान वर न करता, सांगून टाकलं, "आई तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये नळ उघडून बघत होत्या."

थोरल्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनेच पोलिसात वर्दी दिली.

आता हे लायसन म्हणजे काय ते सांगते. आमच्या धंद्यात घर विकायला, भाड्याने द्यायला सरकारी लायसन लागतं. ते दर दोन वर्षांनी नवं करून घ्यायचं, आणि त्याआधी पंधरा तास वर्गात नाहीतर कॉम्प्युटरपुढे बसून नवे नियम शिकायचे. न शिकणाऱ्याचं लायसन बंद. आमच्या ऑफिसात थोरला, सून आणि आणखी दोन मुली आहेत. त्यांची लायसनं आहेत, पण ती माझ्या लायसनखाली. दारावरच्या बोर्डावर नाव माझं आहे. माझं बंद झालं तर त्याच दिवशी बोर्ड उतरवायचा, दाराला कुलूप लावायचं, आणि मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यापासूनची मोठी परीक्षा द्यायची. ती परीक्षा मी बत्तीस वर्षांपूर्वी चौथ्या खेपेला पास झाले होते, आणि तेव्हा माझे डोळे चांगले होते.

म्हणजे थोरल्याची घाबरगुंडी अगदीच खोटी नव्हती. ते मी मानते. पण भीती खरी म्हणून काम खरं होत नाही.

"मी ह्याच्यावर सही करणार नाही," मी म्हटलं.

"आई, सगळे असंच करतात."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. कोण बसतं पंधरा तास? आणि तुला काय शिकवणार ते? तूच त्यांना शिकवशील."

ही त्याची दुसरी खोड. अडला की मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. लहानपणी काचेची बरणी फोडली की आधी म्हणायचा, आई, तू किती छान दिसतेस.

"आणि दोन वर्षांपूर्वी?" मी विचारलं. "तेव्हा कोण बसलं होतं माझ्या नावाने?"

ह्याच्यावर सुनेने मान वर केली. आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी होती. सुनेने कागद आणला, माझं बोट धरून जागेवर ठेवलं, मी सही केली. कशावर, ते विचारलंसुद्धा नाही. म्हणजे माझा तो तोरा दोन वर्षं पोकळ होता, आणि मी तो मिरवत फिरत होते.

मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा. माझा जास्त.

"वर्ग कुठे भरतो?" मी सुनेला विचारलं.

तिने लगेच फोन लावला. ह्या बाबतीत ती बरी आहे, वाद घालत बसत नाही. ह्या महिन्याची शेवटची तुकडी गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रोज पाच तास. शनिवारी दुपारी परीक्षा. एक जागा शिल्लक होती.

"आणि नापास झालीस तर?" थोरला उभाच राहिला. "आई, ऐक. कॉम्प्युटरवरचं झालेलं आहे, त्याला परीक्षा नाही. सही केलीस की सोमवारी लायसन हातात. वर्गात बसलीस आणि नापास झालीस तर सोमवारी कुलूप. तुझ्या हट्टापायी चार माणसं घरी बसतील."

"माझं नाव नोंदव," मी सुनेला म्हटलं. पाचवा कागद मी दोन तुकडे करून टोपलीत टाकला. उरलेल्यांवर सह्या केल्या. वाचून.

*

वर्ग एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होता. लांबट खोली, एका बाजूला खिडक्या, शाळेसारखी बाकं नाहीत पण टेबलं तशीच ओळीने मांडलेली. मी गेल्या गेल्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. सवय आहे. माझा नवरा घरं रंगवायचा. लग्न झाल्यावर मी त्याचा डबा घेऊन जायची आणि तो जेवेपर्यंत भिंती बघत बसायची. कुठली भिंत रंग पिते, कुठली ओल धरते, कुठे पोपडा आधी फुगतो आणि मग सुटतो, हे मी त्याच्याकडून शिकले. अजूनही कुठलंही घर गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी मी तिथे एकटी जाते, दार लावून अर्धा तास बसते. सगळे नळ सोडते, सगळ्या खिडक्या उघडून बंद करते, कपाटात डोकं घालून वास घेते. मग जे असेल ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. माझी खरी शिकवणी असल्या वर्गात नाही, भिंतींपाशी झाली, असं मला वाटायचं.

शिकवणारी पोरगी तिशीची असेल. केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत.

"या आजी, पुढे बसा," ती म्हणाली.

"आजी मी घरी. इथे हजेरीत जे नाव आहे ते घे."

वर्ग हसला. तीही हसली, आणि त्यानंतर तिने मला 'बाई' म्हटलं. मी पहिल्या टेबलावर बसले. शेजारी एक जाडजूड गृहस्थ येऊन बसला. फक्त बंगले विकतो म्हणाला, फ्लॅटला हात लावत नाही. म्हणून मी मनात त्याचं नाव बंगलेवाला ठेवलं. बसल्या बसल्या त्याने डोळे मिटले.

पोरीने आधी नियम सांगितले. दहा मिनिटांहून जास्त बाहेर राहिलात तर तो तास धरला जाणार नाही. परीक्षेत तीस प्रश्न, एकवीस बरोबर हवेत. एकदा नापास झालात तर अर्ध्या तासाने एकदाच पुन्हा बसता येईल. "आणि कोणाला वाचायची अडचण असेल," ती म्हणाली, "तर आधी सांगा. मी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवू शकते. तसा नियम आहे, लाजायचं कारण नाही."

मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पिशवीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी भाड्याचे नियम झाले. कोणाला जात, धर्म, मूलबाळ बघून घर नाकारता येत नाही. जाहिरातीत काय लिहायचं, काय नाही. बरंचसं मला ठाऊक होतं, पण नावं नवी होती. मी ज्याला 'माणसाला तोंडावर दार लावू नये' म्हणते त्याला पुस्तकात तीन ओळींचं नाव आहे. मी वहीत माझ्या शब्दांत लिहीत गेले. बंगलेवाला दोनदा घोरला. दुसऱ्यांदा मी त्याला कोपराने ढोसलं.

"मावशी, किती शिकाल?" तो डोळे चोळत म्हणाला. "ह्या वयात?"

"तू झोपतोस तेवढं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धडा आला.

पोरगी सांगत होती की घरात काय बिघाड आहे, पाणी कुठे झिरपलं, दुरुस्ती कधी झाली, हे सगळं आता गिऱ्हाइकाला लेखी द्यायचं. नव्या फॉर्मवर. दुरुस्त केलेलं असलं तरी लिहायचं.

मी हात वर केला. "मी बत्तीस वर्षं गिऱ्हाइकाला सगळं सांगतेय. तोंडाने. एकालाही फसवलेलं नाही."

"छानच आहे, बाई. पण तोंडी सांगितलेलं सिद्ध कसं करणार?"

"मी सांगते ना, मी सांगितलं म्हणून."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

ती उद्धटपणे म्हणाली नाही. साधं विचारलं, जसं कोणी विचारतं पंखा बंद करू का. माझा वर केलेला हात खाली आला. मी नसेन तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली बाई भिंतीची ओल बघून कोणाच्या नावाने रडेल? मी सांगितलं होतं हे माझ्याबरोबर जाणार, आणि भिंत तिथेच राहणार.

मी वहीत लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली.

मग सुट्टीत मी पिशवीतून आमच्या ऑफिसचा फॉर्म काढला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचा. एक तरुण जोडपं तो घेणार होतं, सोमवारी त्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. फॉर्म थोरल्याने भरला होता. मी पोरीला विचारलं, "हा बरोबर आहे ना?"

तिने उलटासुलटा बघितला. "हा कोणाचा आहे?"

"का?"

"हा जुना आहे. दोन वर्षांपूर्वीच बंद झाला. ह्यात पाण्याचा प्रश्नच नाही. नवा फॉर्म मागच्या कोर्समध्ये सगळ्यांना दाखवला होता, पहिल्याच तासाला. हा अजून कोण वापरतंय?"

चहाचे कप हातात घेऊन सगळे आजूबाजूलाच उभे होते. बंगलेवालाही जागा होता, नेमका तेवढा वेळ.

"माझं ऑफिस," मी म्हटलं.

आवाज बारीक केला नाही. पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मागच्या कोर्समध्ये सगळ्यांना दाखवला होता. माझ्या नावाने सून बसली होती, म्हणजे बटण दाबत होती. थोरला स्वतःच्या नावाने बसला होता, म्हणजे बटण दाबत होता. त्या दोघी मुलींनाही त्यानेच शिकवलं असणार बटण दाबायला. पाच माणसं, पाच प्रमाणपत्रं, आणि पहिल्या तासाला दाखवलेला फॉर्म एकानेही बघितलेला नाही. दोन वर्षं माझ्या बोर्डाखालून जुने कागद जात होते. माझ्या तोंडी सांगण्यावर सगळं तरून गेलं होतं, एवढंच.

मी तिच्याकडून नव्या फॉर्मच्या प्रती मागून घेतल्या.

घरी गेल्यावर फॉर्म पिशवीतच ठेवले. थोरल्याने विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "चाललंय." सून पाण्याचा पेला घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आई, पुस्तक द्या, मी वाचून दाखवते. तुम्ही ऐका."

"मला वाचता येतं," मी म्हटलं. ताडकन. ती बिचारी पेला ठेवून गेली. मी खिडकीपाशी उजेड होता तोवर बोट ठेवून वाचत बसले. बारा पानं झाली. राहिली चाळीस.

*

शनिवारी दुपारी परीक्षा. एक तास, तीस प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर उत्तरावर खूण करायची. सोपं वाटतं. पण तीस प्रश्न आणि एकशेवीस उत्तरं, सगळं बोटाखालून जायचं होतं. त्यात प्रश्न लिहिणाऱ्यांना सरळ विचारता येत नाही. 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही.' अरे, योग्य कोणतं ते विचार ना सरळ! मी एकेका प्रश्नाशी झगडत होते. शेजारी बंगलेवाला भराभर खुणा करत होता. अर्ध्या तासात पेपर देऊन तो मोकळा झाला आणि बाहेर जाऊन खिडकीतून मला अंगठा दाखवत राहिला.

पोरीने "दोन मिनिटं" म्हटलं तेव्हा मी एकविसाव्या प्रश्नावर होते. उरलेल्या नऊंवर मी डोळे मिटून खुणा केल्या नाहीत. जे वाचलं नाही त्यावर खूण करायची, तर मग मंगळवारीच सही काय वाईट होती? कोरे सोडले.

एकवीस प्रश्न सोडवले होते. त्यातले अठरा बरोबर आले.

"तीन कमी," पोरगी हळू म्हणाली. "पण बाई, जेवढे सोडवलेत ते बघा. एवढे बरोबर फार थोड्यांचे येतात. तुम्हाला येतंय सगळं. वेळ पुरत नाही."

"अर्ध्या तासाने पुन्हा ना?"

"हो. पेपर वेगळा असेल. वेळ तेवढीच."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. बंगलेवाला आला. तो तेवीस मिळवून पास झाला होता. झोपून.

"मावशी, उरलेल्यांवर नुसत्या खुणा करा. चारातला एक लागतोच. मी सात तशाच केल्या."

"तुझे बंगलेही तू असेच विकतोस का?"

तो हसला, पण मग थोडा गंभीर झाला. "कुलूप लागेल म्हणाला होतात ना तुम्ही? मग कशाला एवढं?"

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी हिशेब करत होते, पण मिनिटांचा. एका प्रश्नाला पावणेतीन मिनिटं. तीस प्रश्नांना दीड तास. मिळणार एक. हे कितीही दात-ओठ खाल्ले तरी जमण्यासारखं नव्हतं. डोळे माझे, बोट माझं, ते आता वाढणार नव्हतं. आणि मग जे मी पहिल्या दिवसापासून टाळत होते ते समोर येऊन उभं राहिलं. एक सोपा रस्ता होता, नियमातला, कोणाला न फसवणारा. फक्त त्यावरून जायला नाक खाली करावं लागत होतं. माझं नाक अडुसष्ट वर्षांचं आहे, ते सहजासहजी वाकत नाही.

मी थोरल्याला नावं ठेवत होते की तो वाचू देत नाही. आणि मी? वाचता येतं म्हणून सुनेला झिडकारलं. पट्टी बांधलेली होती तेव्हा तरी म्हणायचं होतं, वाचून दाखव मग सही करते. तेही नाही. मला मदत मागणं जमत नाही, म्हणून मी न वाचता सही केली होती. हे मला त्या व्हरांड्यात, बंगलेवाल्याच्या शेजारी बसून कळलं, आणि कळायला तशी चांगली जागा नव्हती ती.

मी आत गेले. पुन्हा परीक्षेला बसणारे आम्ही सहा जण होतो. बाकीची पाच तरुण पोरं. पास झालेलेही प्रमाणपत्रासाठी मागे थांबले होते. सगळे ऐकत होते. ऐकू देत.

"मला वाचायला वेळ लागतो," मी पोरीला म्हटलं. मोठ्याने. "मी चौथी शिकलेय. नियम आहे ना, मग मला प्रश्न वाचून दाखव."

कोणी हसलं नाही. एवढंच नाही, मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मलाही." मी वळून बघितलं. चांगला इस्त्रीचा शर्ट, टाय. त्याने तीन दिवस तोंडातून ब्र काढला नव्हता.

पोरीने दुसऱ्या एका मास्तरांना बाकीच्यांवर लक्ष ठेवायला बसवलं आणि आम्हा दोघांना शेजारच्या खोलीत घेऊन गेली. तो एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. ती वाचायची, आम्ही आपापल्या कागदावर खूण करायचो.

ऐकलं की मला कळतं. भिंतही मी ऐकूनच ओळखते. ती तिसरं उत्तर वाचत असायची तेव्हा माझी खूण झालेली असायची. एकदा मी बोललेसुद्धा, "हे काय विचारणं झालं!" तर तिने मला डोळ्यांनी दटावलं. पाण्याचा प्रश्न आला. मालकाने भिंत दुरुस्त करून रंगवली आहे, गिऱ्हाइकाने विचारलं नाही, तर एजंटने काय करावे? चार उत्तरं. मी पेन इतकं दाबून खूण केली की खालच्या कागदावर उमटली.

तिसातले सत्तावीस. जे तीन चुकले ते 'अयोग्य नाही' वाले होते. त्या टायवाल्या पोरालाही चोवीस मिळाले. त्याने वाकून माझा हात धरला आणि निघून गेला.

पोरीने पुन्हा तसाच कागद पुढे ठेवला. पंधरा तासांचे शिक्षण मी स्वतः. तिने विचारलं, "वाचून दाखवू?"

"दाखव," मी म्हटलं. तिने शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, आणि मी सही केली.

*

ऑफिसात पोचले तेव्हा दुपार कलत होती. थोरला दारातच उभा. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. मी प्रमाणपत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं. खरंच वाचलं, मी बघत होते.

"आई!" तो ओरडला. "बघ, मी म्हटलंच होतं ना, तुला सगळं येतं!"

"मंगळवारी तू नापास होशील म्हणाला होतास."

"ते आपलं... काळजीपोटी."

"बस," मी म्हटलं. सुनेलाही बोलावलं. त्या दोघी मुली पलीकडे उगाच कागद लावत उभ्या राहिल्या, त्यांनाही ऐकू जाईल एवढा आवाज माझा आहेच.

मी तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटचा जुना फॉर्म टेबलावर ठेवला आणि शेजारी नवा. "ह्यातला फरक सांग."

त्याने दोन्ही उचलले. बराच वेळ बघितलं. शेवटी म्हणाला, "नव्यात पाण्याचं आहे. झिरपल्याचं."

"हा फॉर्म कधीपासून चालू आहे?"

"मला... मला माहीत नाही."

"दोन वर्षं. मागच्या कोर्सच्या पहिल्या तासाला दाखवला होता. त्या तासाला तू कुठे होतास?"

सून म्हणाली, "आई, मीही तिथे नव्हते. तुमच्या नावाने मी बसले होते, पण मी तेव्हा..." ती थांबली. "मी चूक केली."

"ती बोलली," मी थोरल्याला म्हटलं. "तू बोल."

"आई, काही वाईट झालं नाही ना पण? तू सगळ्यांना सांगतेसच."

"मी सांगते. मी नसेन तेव्हा?"

हे मी त्या पोरीचं शब्दन्‌शब्द उचललं होतं. तो खाली बघत बसला. पन्नाशीला आलाय, पण खाली बघितलं की बरणी फोडल्यासारखाच दिसतो. माझा जीव थोडा हलला. मी तो हलू दिला आणि पुढे बोलले, कारण जीव हलला म्हणून मी थांबले तर हा तसाच राहणार, आणि बोर्डावर पुढे नाव त्याचं येणार.

"ऐक," मी म्हटलं. "दोष माझाही आहे. मी न वाचता सही केली, म्हणून दोन वर्षं जुने कागद गेले. सोमवारी त्या जोडप्याकडे नवा फॉर्म घेऊन मी स्वतः जाणार, ओल आहे तिथे ओल लिहिणार, आणि त्यांना फ्लॅट नको वाटला तर नको. मग मागच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक घराच्या दाराशी आपण जाऊन उभे राहणार. मी पुढे आणि तू माझ्या मागे. आणि तुझ्यापुरतं सांगते, ते नीट कान देऊन ऐक. तू हुशार आहेस, गोड बोलतोस, माणूस जोडतोस. पण तू घर विकायला आज लायक नाहीस. आजपासून ह्या ऑफिसातल्या एकाही कागदावर तुझी सही चालणार नाही. पुढच्या महिन्यात वर्ग आहे, तुझं नाव मी येतानाच नोंदवून आले. पंधराच्या पंधरा तास पहिल्या टेबलावर बसायचं, परीक्षा द्यायची, आणि घरी येऊन तो नवा फॉर्म मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचा. तो ऐकून मला कळलं की तुला कळलंय, तर तुझं पेन तुला परत. नाही कळलं, तर पुन्हा बसायचं. मी तिसरी दोनदा बसले होते, मला काही झालं नाही. तुलाही काही होणार नाही."